भिंग किती पटीचे हवे?

नागझिऱ्याच्या जंगलात शिरायची जी फाटके आहेत, त्यांतले एक तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्याला आहे. सुटीच्या दिवसांत पहाटे तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतात आणि बहुतेकांच्या गळ्यात दुर्बीण असते. नवखा माणूस हौसेने सगळ्यांत मोठ्या आकड्याची दुर्बीण घेऊन येतो. हात हलतो, चित्र थरथरते आणि समोरच्या फांदीवरचा हळद्या त्याला सापडेपर्यंत उडून जातो. चार हंगाम जंगल पाहिलेला माणूस मात्र आठ पटीच्या साध्या दुर्बिणीवर खूश असतो. टपाल तिकिटे जमवणाऱ्यांच्या भिंगाचेही नेमके असेच आहे. आकडा मोठा म्हणजे भिंग चांगले, हा समज आधी सोडायला हवा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे काढली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती आपल्याकडे नव्हे, स्वित्झर्लंडमधल्या कुर्व्होआझिए या छापखान्यात फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापली गेली. त्यांतले दहा रुपयांचे तिकीट आपल्या संग्रहात असावे, असे प्रत्येक संग्राहकाला वाटते. मलाही वाटत होते. एका विक्रेत्याकडे ते बऱ्यापैकी कमी किमतीत दिसले. माझ्याजवळ दांडीचे मोठे भिंग होते आणि दांडीवर ठळक अक्षरांत 'वीस पट' असे छापलेले होते. त्यातून निरखून पाहिले. बापूंचा चेहरा ठीक, अक्षरे ठीक, दातेही ठीक. साठवलेले पैसे मोजून तिकीट घेतले.

काही महिन्यांनी एका जाणत्या संग्राहकाने खिशातून अंगठ्याएवढे भिंग काढून माझ्या हाती दिले आणि एवढेच म्हणाले, "आता गालावर बघा." बापूंच्या गालावर निळे, गुलाबी आणि पिवळे ठिपके विखुरलेले होते. मूळ तिकीट दोन रंगांच्या शाईत छापलेले आहे. त्यात निळ्या-पिवळ्या ठिपक्यांना जागाच नाही. माझे तिकीट म्हणजे रंगीत यंत्रावर काढलेली नक्कल होती. त्यांचे भिंग होते दहा पटीचे. मग माझ्या वीस पटीच्या भिंगातून ते ठिपके का दिसले नाहीत? कारण ते वीस पटीचे नव्हतेच. जेमतेम दोन पटीचे होते.

आकडा कसा तपासायचा?

वस्तू डोळ्यांपासून साधारण पंचवीस सेंटिमीटरवर धरली की निरोगी डोळ्याला ती सुखाने, स्पष्ट दिसते. भिंगाची पट याच अंतरावरून ठरते. पंचवीसला भिंगाच्या नाभीय अंतराने, म्हणजे सेंटिमीटरमधल्या अंतराने भागले की पट मिळते. नाभीय अंतर पाच सेंटिमीटर असेल तर भिंग पाच पटीचे, अडीच असेल तर दहा पटीचे. काही कारखानदार या उत्तरात एक मिळवून आकडा छापतात. म्हणून दोन पट आणि तीन पट असे वेगवेगळे लिहिलेले भिंग प्रत्यक्षात एकसारखे निघू शकते.

नाभीय अंतर मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दिवसा खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका जागी बाहेरच्या झाडाचे लहानसे उलटे चित्र भिंतीवर स्वच्छ उमटेल. त्या वेळी भिंग आणि भिंत यांमधले अंतर फूटपट्टीने मोजा. माझ्या भिंगाचे ते बारा सेंटिमीटर भरले. पंचवीस भागिले बारा म्हणजे दोनाच्या किंचित वर. सहावी-सातवीतले मूल हा हिशेब करील. मी तो खरेदीनंतर केला.

खरे म्हणजे भिंगाच्या आकारावरूनच शंका यायला हवी होती. पट वाढवायची तर काच अधिक फुगीर करावी लागते आणि फुगीर काच आपोआप लहान होत जाते. वीस पटीच्या भिंगाचे नाभीय अंतर सव्वा सेंटिमीटर. इतका फुगवटा असलेली काच गोटीहून फारशी मोठी होऊच शकत नाही. तेव्हा तळहाताएवढ्या भिंगावर वीस किंवा तीस पट लिहिलेले दिसले, तर तो आकडा वाचून हसावे आणि पुढच्या दुकानाकडे वळावे.

कामे तीन, भिंगे तीन

आता पट किती घ्यावी? ते आपल्याला काय पाहायचे आहे यावर अवलंबून आहे.

पहिले काम वाचनाचे. अल्बम चाळणे, तिकिटावरचा बारीक मजकूर पाहणे आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे टपालाचा शिक्का वाचणे. त्यासाठी दोन ते तीन पटीचे, सात-आठ सेंटिमीटर रुंदीचे भिंग उत्तम. इथे पट वाढवली तर उलट नुकसान होते. पुसट शिक्का दहा पटीच्या भिंगाखाली धरला की अक्षरे दिसेनाशी होतात. दिसतात ते कागदाचे तंतू आणि त्यांवर सांडलेले शाईचे कण. तुटलेली रेघ डोळा आपणहून जोडून घेतो, पण त्यासाठी अख्खा शिक्का एका नजरेत मावावा लागतो.

आमच्या भागात शिक्के वाचण्याची गंमत आणखी वेगळी आहे. घर तेच, तलाव तोच, पण पत्ता बदलत गेलेला. स्वातंत्र्यापूर्वी भंडारा जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. १९५० साली त्या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले. १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आजोबांच्या पेटीतल्या पत्रांवर एकाच गावाचे चार-पाच पत्ते सापडू शकतात. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ती पद्धत त्या दिवशी सुरू झाली. म्हणून विनंती एवढीच की, जुन्या पाकिटावरचे तिकीट सुटे करण्यासाठी ते पाण्यात भिजवू नका. अर्धा शिक्का तिकिटावर असतो आणि अर्धा पाकिटावर. दोन्ही वेगळे केले की ती कागदाची दोन कपटे उरतात.

दुसरे काम तपशिलाचे. त्याला चार ते सहा पटीचे भिंग लागते. दाते तुटले आहेत का, कोपऱ्यात घडी आहे का, रंग आपल्या जागेवरून सरकले आहेत का, हे याच भिंगातून कळते. सरावासाठी १९७५ सालची पक्ष्यांची तिकिटे घ्यावीत. त्यांत नवरंग आहे, हळद्याही आहे. आपल्या जंगलातले पक्षी, त्यामुळे कुठला रंग कुठे असायला हवा हे ठाऊकच असते. जुन्या तिकिटांत तर अशा बारकाव्यांवर सगळी ओळख अवलंबून असते. १८५४ साली अर्ध्या आण्याचे जे निळे तिकीट निघाले, त्याच्या चौकटीत आठ कमानी आहेत. त्याआधी छापून तयार झालेल्या आणि वापरात न आलेल्या लाल तिकिटाच्या चौकटीत साडेनऊ. कमानी मोजायच्या तर पाच पट पुरते.

या कामासाठी छापखान्यांत आणि कापड गिरण्यांत वापरतात ते घडीचे भिंग फार सोयीचे. उघडले की ते स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि तिकिटापासूनचे अंतर आपोआप नेमके राहते. तळाच्या चौकटीवर मोजपट्टी असेल तर आणखी चांगले. तिकिटाच्या दात्यांची मोजणी दोन सेंटिमीटरमध्ये किती, अशी केली जाते. त्यासाठी वेगळी मापपट्टीही मिळते.

तिसरे काम छपाई ओळखण्याचे, म्हणजे अस्सल-नक्कल पाहण्याचे. तिथे दहा पट हवीच. कोरीव ठशाच्या छपाईत रेघा सलग असतात आणि शाई कागदावर किंचित उंच उभी दिसते. उठावाच्या खिळ्यांच्या छपाईत दाबामुळे शाई कडेला ढकलली जाते आणि अक्षराभोवती गडद काठ उमटतो. फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये बारीक, शिस्तीत मांडलेली जाळी दिसते. रंगीत ऑफसेटमध्ये वेगवेगळ्या रंगांचे ठिपके फुलासारखे जमलेले असतात. सध्याच्या घरगुती छपाईयंत्रात ते रांगोळी विस्कटल्यासारखे विखुरतात. हे फरक एकदा नीट पाहिले की विसरत नाहीत.

दहा पटीचे भिंग धरण्याची रीत मात्र वेगळी आहे. ते तिकिटावर धरून आपण दूर राहायचे नसते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि चिमट्यात धरलेले तिकीट वर आणत भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर थांबवायचे. कोपरे टेबलावर टेकलेली असावीत. दुसरा डोळा मिटू नये. थोड्या सवयीने दोन्ही उघडे ठेवून पाहता येते आणि डोके दुखत नाही. घड्याळजी तासन् तास असेच काम करतात.

काच कशी पारखावी?

पट खरी असली तरी काच वाईट असू शकते. त्याची परीक्षा आलेखाच्या कागदावर घ्यावी. भिंगातून चौकोन पाहा. मधल्या रेघा सरळ आणि कडेच्या वाकलेल्या दिसतात. किती भागापर्यंत सरळ दिसतात, तेवढेच भिंग आपल्या कामाचे. मग पांढऱ्या कागदावरचे काळे अक्षर भिंगाच्या कडेला आणा. अक्षराला निळसर किंवा तांबूस झालर दिसली तर तो काचेचा दोष. एकाच काचेत हे दोन्ही दोष पूर्णपणे घालवता येत नाहीत. म्हणून चांगल्या भिंगात दोन किंवा तीन वेगवेगळ्या काचा जोडलेल्या असतात. दोन-तीन पटीला साधी काच चालते. दहा पटीला मात्र तीन काचांचे, ज्याला ट्रिपलेट म्हणतात तेच घ्यावे. रत्नपारखी तेच वापरतात. प्लॅस्टिकचे भिंग हलके असते, पण त्यावर लवकर ओरखडे पडतात.

दिवा असलेल्या भिंगांचा आता सुकाळ आहे. रात्री ती बरी, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात शाईची छटा बदललेली वाटू शकते, म्हणून रंगाचा निकाल दिवसाच्या उजेडातच करावा. आणि भिंगाभोवती गोल बसवलेले दिवे सगळीकडून सारखा उजेड टाकतात, त्यामुळे सावल्या पुसल्या जातात. घडी, खरवडलेली जागा, मागून चिकटवलेला तुकडा हे सारे सावलीनेच उघडे पडते. तिकिटावर एका बाजूने तिरपा उजेड पाडा. सकाळच्या तिरप्या उन्हात शेताचा बांध जसा उठून दिसतो, तशी घडी उठून दिसेल.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने काम भागणार नाही का, असे मुले विचारतात. नोंद ठेवायला आणि दूरच्या मित्राला दाखवायला तो उत्तम. पण मोबाइल चित्र आपल्या मनाने गुळगुळीत करतो आणि कडा ठसठशीत करतो. जे ठिपके आपण शोधत असतो, नेमके त्यांच्यावरच तो हात फिरवतो.

भिंगालाही मर्यादा आहेत. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ साली टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येत. पंचम जॉर्जची दोन्हीकडची तिकिटे सारखीच दिसतात. फरक आहे तो कागदातल्या जलचिन्हात. लंडनच्या प्रत्येक तिकिटामागे एक तारा, नाशिकच्या कागदात ताऱ्यांची नक्षी. हा फरक दहा पटीचे भिंगही सांगणार नाही. त्यासाठी तिकीट उलटे करून उजेडासमोर किंवा काळ्या बशीत ठेवून पाहावे लागते. आणि तिकिटाची किंमत तर कुठल्याच भिंगातून दिसत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. भिंग खिडकीत किंवा ओट्यावर उन्हात पडू देऊ नका. उन्हाळ्यात, मोहफुलांच्या दिवसांत पाचोळा किती पटकन पेट घेतो, हे आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. मऊ सुती कापडाने पुसावे, डबीत ठेवावे.

एकच भिंग घ्यायचे झाले तर चार-पाच पटीचे, काचेचे घ्या. दोन परवडत असतील तर तीन पटीचे रुंद आणि दहा पटीचे ट्रिपलेट. घड्याळदुरुस्तीचे सामान किंवा शाळेच्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. जाताना खिशात फूटपट्टी, आलेखाच्या कागदाचा तुकडा आणि ओळखीचे एक तिकीट असू द्या. दुकानदार थोडा वैतागेल. वैतागू द्या.

ते दहा रुपयांचे खोटे तिकीट मी फेकलेले नाही. अल्बमच्या पहिल्याच पानावर ठेवले आहे. गावातले मूल तिकिटे पाहायला आले की आधी त्याच्या हाती माझे जुने मोठे भिंग देतो, मग दहा पटीचे देतो आणि म्हणतो, "आता गालावर बघ."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)