लहान खोली, गडद रंग

स्वीडनमधील सुंडबोर्न या गावी कार्ल व कारिन लार्सन या चित्रकार दांपत्याला १८८८ साली कारिनच्या वडिलांकडून एक लाकडी घर मिळाले. तेथील जेवणाच्या खोलीसाठी त्यांनी लाल व हिरवा असे ठसठशीत रंग निवडले. असा रंग नमुन्याच्या पट्टीवर दिसतो, त्याहून लहान खोलीत अधिक गडद वाटतो. असे का होते?

भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात, म्हणून! समजा, एखादा लाल रंग तांबड्या प्रकाशाचा ८० टक्के व हिरव्या प्रकाशाचा ४० टक्के भाग परावर्तित करतो. प्रमाण झाले २:१. हाच प्रकाश समोरच्या तशाच भिंतीवरून पुन्हा परावर्तित झाला, की उरतात ६४ व १६ टक्के, प्रमाण ४:१. लाली वाढली, पण उजेड घटला.

लाल पुठ्ठा दुमडून, थोडा उघडा ठेवून उजेडात धरा. घडीजवळ रंग गडद दिसेल.

तेव्हा लाकडी खोली रंगवताना छत पांढरे ठेवावे आणि भिंतींसाठी पट्टीवर आवडलेल्या छटेहून किंचित फिकी छटा घ्यावी. उरलेले काम भिंतीच करतील!