खिशात स्विस, कमरेला कोयता!

शुक्रवारी रात्री सॅक भरायला घेतली की ती लाल वस्तू सगळ्यात आधी आत जाते. अंगावर पांढरा क्रॉस, पोटात दोन पाती, कात्री, ओपनर आणि कधीच न वापरलेला कॉर्कस्क्रू. शनिवारी पहाटे स्वारगेट, मग नसरापूर, मार्गासनी आणि गुंजवणे! राजगडाच्या पायथ्याशी चहा उकळेपर्यंत ग्रुपमधला एक जण ती काढून काकडी कापायला बसतोच. काकडी कापली जात नाही, चेंगरते. दोन वर्षांत पात्याला धार कुणी लावलेलीच नसते. शेवटी टपरीवाल्या मावशी आतून विळी आणतात. ‘‘द्या हिकडं.’’

ओळखीचं वाटतंय ना?

आता जरा आजूबाजूला बघा. भोर-वेल्ह्याच्या वाटांवर भेटणाऱ्या गुराख्याच्या, शेतकऱ्याच्या खिशात चाकू क्वचितच असतो. त्याचं पातं असतं कमरेला, मागच्या बाजूला अडकवलेला कोयता. भातासाठी राब भाजायचा तर फांद्या तोडायला तोच, कुडासाठी कारवी कापायला तोच, पावसात वाट झाडीनं बुजली तरी तोच. टोकाला वाकडा असल्यामुळे फांदी आधी ओढता येते आणि मग तोडता येते. आपल्या स्विस चाकूत एवढी अवजारं असतात, पण हे एक काम त्यातल्या कशालाच जमत नाही.

हा कोयता कसा होतो माहितीय? बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून. गावचा लोहार किंवा रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेलं घिसाडी कुटुंब तो पाटा लाल तापवतं. एक जण सांडशीत धरतो, दुसरी (बहुतेक वेळा घरची बाईच) घण घालते. आकार आला की धारेला ‘पाणी द्यायचं’, म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून कडक करायची. पाणी जास्त झालं तर पातं काचेसारखं तुटतं, कमी झालं तर धार वळते. कितपत तापवायचं हे लोखंडाच्या रंगावरून ठरतं, थर्मामीटर कुठला! आणि बिघडलं तर त्याच माणसाकडे परत जाता येतं. ही वॉरंटी आपल्या लाल चाकूच्या डबीत सापडणार नाही.

मग इम्पोर्टेड ते सगळं वाईट का? मुळीच नाही. पण गंमत ऐका. स्विस सैन्यानं १८९०-९१च्या सुमारास सैनिकांना घडीचा चाकू द्यायचं ठरवलं, तेव्हा पहिली खेप आली जर्मनीतल्या सोलिंगेनहून! एवढी मोठी ऑर्डर घेईल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. कार्ल एल्सनर या कारागिराला ते खटकलं. त्यानं देशातल्या कारागिरांना जमवून काम घरी आणलं, त्यात जवळजवळ कंगाल झाला आणि १८९७मध्ये ऑफिसर्स नाइफ काढून सावरला. पुढे तीच कंपनी व्हिक्टोरिनॉक्स. म्हणजे आज जो आपल्याला अस्सल स्विस वाटतो, तोही आधी इम्पोर्टेडच होता.

फ्रान्सचा ओपिनेलही असाच. १८९०मध्ये आल्प्सच्या कुशीतल्या साव्हॉय प्रांतात शेतकऱ्यांसाठी केलेला, लाकडी मुठीचा साधा चाकू. आपल्याकडे तो ‘क्लासी’ म्हणून मिरवतो, तिकडे त्याचं मूळ कोयत्यासारखंच शेतातलं. (जुलैत तोरण्यावर नेऊन बघा. मूठ पाण्यानं फुगते आणि पातं बाहेरच येत नाही!)

आपल्याकडे घडीचा नामांकित चाकू नव्हता असं नाही. होता की, रामपुरी. ‘वक्त’मधला राजकुमार आठवा. पण सिनेमानं त्याला गुंडाच्या हातात दिलं आणि १९९०च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारनं लांब पात्यांवर बंधनं आणली. धंदा बसला. २०२३मध्ये रामपूरच्या चौकात २० फुटी चाकूचं शिल्प उभं राहिलं. स्विस चाकूला सैन्याची ऑर्डर मिळाली, रामपुरीला पुतळा!

आता तीच पाळी कोयत्यावर येते की काय, ही खरी धास्ती आहे. ‘कोयता गँग’ हा शब्द पुण्यात एवढा रुळला की २०२३च्या सुरुवातीला कोयता विकताना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवा, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं. दहशत खरी होती, त्यामुळे पोलिसांना दोष देण्यात अर्थ नाही. पण राब तोडायचं अवजार घेताना शेतकऱ्यानं ओळखपत्र काढायचं आणि आपला लाल चाकू मात्र ऑफिसच्या गिफ्ट रॅपमध्ये यायचा, हे जरा अतीच झालं. शस्त्र कायद्यातही ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा विचार करताना घरगुती आणि शेतीची हत्यारं वेगळी काढलेली आहेत.

आणि खिशातलं देशी पातं म्हणाल, तर ते आजोबांच्या चंचीत होतं. अडकित्ता! बिजागरीवर फिरतो, मिटतो, पानाशेजारी निमूट बसतो. पितळेचे, पोपटाच्या आकाराचे अडकित्ते आजीच्या पेटीत अजून सापडतील. सुपारी सुटली म्हणून तोही सुटला, एवढंच.

तर पुढच्या ट्रेकला काय न्यायचं? पावसाळ्यात स्विसच न्या, स्टेनलेस पातं गंजत नाही. मात्र फुटपाथवरचा शंभर रुपयांचा ‘स्विस’ नको, त्याचं पातं बटाट्यालाही वाकतं. घरी स्वयंपाकाला लोहाराकडची साधी लोखंडी सुरी घ्या. वापरून झाली की पुसायची आणि गोडेतेलाचं बोट फिरवायचं. परतताना भोरच्या बाजारात वीस मिनिटं थांबलात तरी काम होईल. धार गेली तर गुंजवण्याच्या मावशींना विचारा. विळी घासायचा त्यांचा दगड ओट्यालाच लावलेला असतो. त्यावर तुमचा स्विससुद्धा काकडी कापायला लागेल.