मूल्याधिष्ठित जीवन आणि मानसोपचार

मानसोपचाराचा हेतू केवळ लक्षणे कमी करणे एवढाच असतो, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली ‘स्वीकार व वचनबद्धता उपचारपद्धती’ या समजाला छेद देते.

या पद्धतीत मूल्य व ध्येय यांत भेद केला जातो. पदवी हे ध्येय असून ते पूर्ण होते. ज्ञानाची ओढ जपणे हे मूल्य असून त्या दिशेला अंत नाही. अपयशाच्या भीतीने परीक्षाच टाळणाऱ्या विद्यार्थ्याला तात्पुरता दिलासा मिळतो. परंतु तो शिक्षणापासूनच दुरावतो. अशा वेळी उपचारक भीती नाहीशी करण्याचा आग्रह धरीत नाही. भीती असतानाही रोज काही पाने वाचण्यासारखी लहान कृती तो विद्यार्थ्यासह निश्चित करतो. मात्र ते मूल्य विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे की केवळ पालकांची अपेक्षा, हे आधी तपासावे लागते.

याच पद्धतीवर आधारित स्वयंसाहाय्य कार्यक्रमाची चाचणी युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांवर घेण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतरही त्यांचा मानसिक त्रास कमी आढळला. बाह्य परिस्थिती प्रतिकूल असतानाही मूल्यानुसार कृती शक्य असते, हे यावरून सूचित होते.