घरची कॉफी : खर्च यंत्रावर नको, दाण्यांवर हवा

कॅफेमध्ये मिळते तशी कॉफी घरी करायची, असे ठरले की बहुतेकांचे लक्ष प्रथम जाते ते यंत्राकडे. दुकानाच्या काचेमागील चकचकीत एस्प्रेसो यंत्र पाच-सात हजारांत घरी येते, पाहुण्यांपुढे दोन-चार वेळा मिरवते आणि काही महिन्यांत ओट्याच्या कोपऱ्यात फडक्याखाली जाते. यात ग्राहकाच्या आळसाचा भाग थोडा आणि यंत्राच्या मर्यादेचा अधिक. एस्प्रेसोसाठी कॉफीच्या पुडीतून सुमारे ९ बार इतक्या दाबाने पाणी जावे लागते. अगदी स्वस्त यंत्रांत पंप नसतोच. पाणी वाफेच्या जोरावर ढकलले जाते आणि तो दाब याच्या निम्माही भरत नाही. खोक्यावर ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ असे ठळक छापलेले असते, ती पंपाची कमाल क्षमता होय. तेवढा दाब पुडीवर पडतो असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय पंपाचे बरे यंत्र घेतले, तरी त्याला लागणारी अतिबारीक आणि एकसारखी पूड दळण्यासाठी जवळपास तितक्याच किमतीचा ग्राइंडर लागतो. मर्यादित पैशांत एस्प्रेसोचा नाद सोडलेलाच बरा.

कॉफी करणे म्हणजे भाजलेल्या दाण्यातील चव आणि सुगंध गरम पाण्यात उतरवणे. हे कितपत साधते, ते दाण्याचा ताजेपणा, दळण्यातील सारखेपणा, पाण्याचे तापमान व प्रमाण आणि लागलेला वेळ यांवर ठरते. पाणी आणि पूड एकत्र कशी येतात व वेगळी कशी होतात, एवढेच काम भांड्याचे. त्यामुळे खर्चाचा क्रम उलटा लावावा लागतो : आधी चांगले दाणे, मग ग्राइंडर, मग एक छोटा वजनकाटा आणि सर्वांत शेवटी भांडे. जागतिक बाजारात २०२४ आणि २०२५ मध्ये कॉफीचे भाव विक्रमी पातळीवर गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाचा वायदा पौंडाला ४ डॉलरच्या वर पोहोचला होता. दाणे महाग झाले की ते वाया घालवणारे भांडेही महागातच पडते.

दळण्याच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते ती मिक्सरमुळे. मिक्सरचे पाते दाणे दळत नाही, तोडते. परिणामी काही भाग धुळीसारखा, तर काही भाग कण्यांसारखा राहतो. धुळीतून गरजेपेक्षा जास्त अर्क उतरतो, तो कडवट लागतो. कण्यांतून पुरेसा उतरत नाही, ती चव आंबट आणि कच्ची असते. एकाच कपात या दोन्ही चवी आल्या की दोष दाण्यांवर ढकलला जातो. हातग्राइंडरमध्ये दाणे दोन दातेरी चकत्यांच्या फटीतून सरकत दळले जातात. तत्त्व जात्याचेच. फट कमी-जास्त केली की पूड बारीक किंवा जाडसर होते. दीड ते तीन हजार रुपयांत कामचलाऊ हातग्राइंडर मिळतो आणि दोन कपांपुरते दाणे दळायला दोन-तीन मिनिटे पुरतात.

एवढा खर्च नको असेल, तर दुकानातून दळून आणावी. पण एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. दळलेल्या पुडीचा सुगंध झपाट्याने उडतो. मुंबईत माटुंग्याच्या बाजारात डोळ्यांदेखत कॉफी दळून देणारी दुकाने आहेत. तेथे भांडे कोणते आहे हे सांगून पूड घ्यावी.

या सगळ्यात कमी पैशांत अधिक देणारे भांडे म्हणजे दाक्षिणात्य फिल्टर. स्टीलचा दोन-तीन कपांचा फिल्टर काही शे रुपयांत येतो, त्यात वीज नाही, कागद नाही, काच नाही आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. वरच्या सच्छिद्र भांड्यात २० ग्रॅम मध्यम-बारीक पूड भरून दांडीच्या चकतीने ती हलकेच दाबायची, उकळून अर्धा मिनीट थांबलेले सुमारे १२० मिलिलिटर पाणी ओतायचे आणि झाकण ठेवायचे. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन उतरते. पाच मिनिटांतच सगळे खाली आले, तर पूड जाड आहे किंवा नीट दाबलेली नाही. अर्ध्या तासानेही थेंब पडत नसेल, तर वरचे भांडे किंचित उचलून पुन्हा ठेवावे. पुष्कळदा खाली अडकलेली हवाच वाट अडवून बसलेली असते.

फिल्टरच्या पुडीत चिकोरी असते. तिच्यामुळे अर्काला दाटपणा व गडद रंग येतो आणि किंमत उतरते. चिकोरीमिश्रित कॉफीत किमान ५१ टक्के कॉफी असणे आणि मिश्रणाचे प्रमाण पाकिटावर छापणे नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी असलेले पाकीटही कायदेशीरच असते. ८०:२० की ६०:४०, हे वाचूनच भाव तोलावा. दुधात उकळलेली जायफळाची मराठी कॉफी हा मात्र सर्वस्वी वेगळा पदार्थ. तिला यापैकी काहीच लागत नाही.

बिनदुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठी फ्रेंच प्रेस सोयीचा. जाडसर पूड, एका ग्रॅमला १५-१६ मिलिलिटर पाणी, चार मिनिटांची प्रतीक्षा आणि मग जाळी खाली दाबणे; त्यात चुकण्यासारखे फारसे नाही. काचेचा प्रेस धुताना फुटतो, म्हणून जमल्यास स्टीलचा घ्यावा. तळाशी थोडा गाळ राहतोच. आणखी एक गोष्ट : धातूच्या जाळीतून कॉफीतील कॅफेस्टॉलसारखी तैलद्रव्ये कपात येतात आणि ती रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात. ज्यांना ते सांभाळायचे आहे, त्यांच्यासाठी कागदी गाळणी उत्तम. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतील टीपकागद वापरून ती प्रथम केली. प्लॅस्टिकचे साधे ड्रिपर चिनीमातीच्या ड्रिपरपेक्षा स्वस्त असते आणि पाण्याची उष्णताही कमी खाते. कागदाचा खर्च मात्र कायमचा.

अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावाशी जोडलेला, १९३३ पासूनचा मोका पॉट दिसतो छान. पण घेण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. ‘तीन कप’ म्हणजे इटालियन माणसाचे तीन लहान कप, आपला जेमतेम एक मग. निम्मी पूड भरून काम भागत नाही, म्हणून रोजच्या गरजेचाच आकार निवडावा. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही आणि लहान पॉट गॅसच्या शेगडीवर डगमगतो. त्यासाठी वर एक छोटी जाळी ठेवावी लागते. कॉफी गुरगुरू लागताच गॅस बंद केला नाही, तर ती करपट होते. एरॉप्रेस हे २००५ मधील अमेरिकी साधन गुणी आणि प्रवासात सोयीचे. पण त्याच्या किमतीत फिल्टर आणि ग्राइंडर दोन्ही येतात.

हिशेब असा मांडता येईल. दोघांना रोज एकेक मग, प्रत्येकी १५ ग्रॅम धरले, तर महिन्याला ९०० ग्रॅम दाणे लागतात. २५० ग्रॅमचे पाकीट ५०० रुपयांचे धरल्यास महिन्याचे १,८०० रुपये. बाहेर तेच साठ कप २०० रुपयांच्या दराने १२,००० रुपयांना पडतील. साधा फिल्टर, हातग्राइंडर आणि काही शे रुपयांचा वजनकाटा मिळून तीन हजारांच्या आसपास जातात. ज्यांच्याकडे तेवढेही नाहीत, त्यांनी फिल्टर आणि काटा घेऊन दळण दुकानावर सोपवावे. पाकीट घेताना ‘वापरण्याची मुदत’ पाहण्यापेक्षा भाजल्याची तारीख पाहावी. महिन्याभरातले दाणे चांगले.

भांडे कोणतेही असो, कॉफीचे तेल त्यात साचून खवट होते. नुसते विसळून ते जात नाही, साबण लागतोच. मोका पॉटमध्ये कुकरच्या रिंगसारखी रबरी रिंग असते, ती कडक झाली की बदलावी. आणि फिल्टरची छिद्रे बुजली, तर दक्षिणेकडील घरांत सर्रास करतात तसे रिकामे वरचे भांडे चिमट्यात धरून क्षणभर गॅसच्या ज्योतीवर फिरवावे. अडकलेली पूड जळून झडते आणि डिकॉक्शन पुन्हा सरळ उतरू लागते.