उभ्या कॅक्टसची गच्ची

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि गच्ची रिकामी करण्याची नोटीस लागली. गुलाब, मोगरा, कढीपत्ता शेजारपाजाऱ्यांनी हौसेने नेले. उभ्या कॅक्टसना कुणी हात लावेना. घरात काटे ठेवले की भांडणं होतात, हे वास्तूवाल्यांनी पसरवलेलं खूळ. त्यापायी किती देखणी झाडं उकिरड्यावर गेली, याचा मला आजही संताप येतो.

गच्चीवरच्या या कॅक्टसच्या छंदाबद्दल ऐंशीच्या दशकातलं सांगण्यासारखं थोडंच. निवडुंग म्हणजे बांधावरचा तिधारी, चिकाचा, एवढीच बहुतेकांची ओळख. तो मुळात कॅक्टसच नव्हे. कॅक्टसचं कूळ अमेरिका खंडातलं.

खरा बहर नव्वदच्या दशकातला. पुण्यात वाडे पडून इमारती उठत होत्या, पण त्यांच्या गच्च्या मोकळ्या होत्या. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायचं आणि मेक्सिकोचा पांढऱ्या केसांचा सेफॅलोसेरियस, निळसर मिर्टिलोकॅक्टस यांची स्वप्नं बघत घरी यायचं. सेरियस हा उभा कॅक्टस मात्र विकत घ्यावा लागत नसे. ज्याच्याकडे असे, तो फांदी कापून देई. जखमेला गंधकाची भुकटी लावायची, तुकडा सावलीत पंधरवडाभर सुकवायचा, मग कोरड्या जाड वाळूत उभा करायचा. पाण्याची घाई केली की कुजलाच. पुढे मातीच्या कुंडीत निम्म्याहून अधिक वाळू नि विटांचा चुरा, आणि पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकचं छप्पर.

उभा कॅक्टस काही विसरत नाही. ऊन कमी पडलं की शेंडा निमुळता वाढतो. नंतर कितीही ऊन मिळो, ती बारीक झालेली जागा खोडावर कायम राहते. माझ्या सेरियसच्या कमरेला तशी खाच आहे, शेजारची इमारत चढत होती तेव्हाची. त्याचं वीतभर लांब पांढरं फूल रात्री उमलायचं आणि सकाळी मिटायचं. ते बघायला जेवणं आटपून अख्खा जिना गच्चीवर यायचा.

दोन हजारनंतरच्या वर्षांत गच्च्यांवर पत्रे आले, टाक्या आल्या, मग कुलपं लागली. आता दुकानात रंग फवारलेले, खोटी फुलं डिंकाने चिकटवलेले कॅक्टस मिळतात. कलमावरचा तो लाल गोळा तर हरितद्रव्याविना असतो. खालच्या हिरव्या बुंध्याच्या जिवावर काही वर्षं काढतो. वर्षानुवर्षं वाढणारं झाड टेबलावरची वस्तू झालं, ही फसवणूक आहे, झाडाचीही आणि घेणाऱ्याचीही.

तुमचीही इमारत पाडायला निघाली असेल, तर उभा कॅक्टस फेकू नका. अख्खा हलवता येत नसेल तर फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत हातभर लांबीचे तुकडे करा, सुकवा आणि ज्यांच्या घरी ऊन आहे त्यांना वाटा.