छातीची भिंत आणि फुप्फुसे

श्वासोच्छ्वास हे फुप्फुसांचे कार्य होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. हवेतील प्राणवायू रक्तात घेणे व रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडणे हे काम फुप्फुसे करतात, यात शंका नाही. परंतु ती हवा आत ओढून घेण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी मुळीच नसते. फुप्फुसाला फुगवू शकेल असा एकही स्नायू फुप्फुसात नाही. उलट, ताणलेल्या रबराप्रमाणे सतत आकसू पाहणे हाच त्याचा स्वभाव आहे. त्याला ताणून धरणारी व दर मिनिटास बारा ते सोळा वेळा आणखी थोडी ताणणारी शक्ती फुप्फुसाच्या बाहेर, छातीच्या भिंतीत असते.

ही गोष्ट शरीररचनेच्या अभ्यासकांच्या ध्यानात फार पूर्वीच आली होती. व्हेसेलियसने १५४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, जिवंत प्राण्याची छाती उघडताच त्याचे फुप्फुस खाली बसते. मात्र श्वासनालात बोरूची किंवा वेताची नळी बसवून तिच्यातून हवा फुंकली, तर ते पुन्हा वर उचलले जाते आणि मंदावलेले हृदयही सावरते. पुढे १६६७ साली रॉबर्ट हूक याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एका कुत्र्याची छाती उघडली, फुप्फुसांच्या पृष्ठभागास बारीक छिद्रे पाडली आणि भात्यांच्या साहाय्याने त्यांतून हवेचा अखंड प्रवाह चालू ठेवला. फुप्फुसे निश्चल होती, तरी कुत्रा जिवंत राहिला. असले प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो. तथापि फुप्फुसाची हालचाल आणि फुप्फुसाचे कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांतूनच सिद्ध झाले. त्याच सुमारास जॉन मेयो याने एका भात्याच्या पोटात प्राण्याचे मूत्राशय बसवून दाखविले की, भाता रुंदावला म्हणजे मूत्राशय आपोआप फुगते. छाती हा भाता आणि फुप्फुस हे त्यातील मूत्राशय, ही उपमा आजही टाकाऊ झालेली नाही.

या भात्याची बांधणी मोठी कौशल्याची आहे. मागील बाजूस छातीच्या भागातील १२ मणके, पुढील बाजूस उरोस्थी आणि या दोहोंच्या दरम्यान बरगड्यांच्या १२ जोड्या, असा हा पिंजरा असतो. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेच्या साहाय्याने थेट उरोस्थीस जोडलेल्या असतात. आठवी, नववी व दहावी यांच्या कूर्चा आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला मिळतात. शेवटच्या दोन जोड्यांची पुढील टोके मोकळीच असतात. नुसत्या हाडांचा पिंजरा मजबूत झाला असता, परंतु हलला नसता. कूर्चेच्या तुकड्यांमुळे त्याला लवचीकपणा येतो. उतारवयात या कूर्चा कठीण होत जातात, आणि वृद्ध माणसाची छाती ताठर होण्याचे ते एक कारण होय.

प्रत्येक बरगडी पाठीकडून पुढे येताना खाली उतरत येते. ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी श्वासाचे सारे यंत्र तीवर अवलंबून आहे. उतरती बरगडी वर उचलली गेली की तिचे पुढील टोक वर आणि पुढे सरकते; वरच्या बरगड्या अशा रीतीने उरोस्थीला हातपंपाच्या दांड्याप्रमाणे उचलतात. खालच्या बरगड्यांची हालचाल निराळी असते. बादलीची पडलेली कडी उचलताना जशी बाहेरच्या बाजूने वर येते, तशा त्या बाहेर फाकतात. त्यामुळे छातीचा घेर पुढे आणि दोन्ही अंगांस, असा दुहेरी वाढतो.

बरगड्यांमधील जागा आंतरपर्शुक स्नायूंच्या तीन थरांनी भरलेली असते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेस आतील बाजूने एक खोबण असते आणि तिच्या आश्रयाने शीर, रोहिणी व मज्जातंतू ही तिन्ही एकत्र धावतात. छातीत साठलेले पाणी काढण्यासाठी डॉक्टर सुई घालतात ती नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, त्याचे कारण हेच. खालच्या कडेची सुई रोहिणीत शिरण्याचा धोका असतो.

तथापि शांत श्वासोच्छ्वासाचा मुख्य भार बरगड्यांवर नसून मध्यपटलावर असतो. छाती व पोट यांना अलग करणारा हा घुमटाकार स्नायू आकुंचन पावला की घुमट सपाट होतो व छातीची पोकळी खालच्या दिशेने वाढते. साध्या श्वासात तो सुमारे दीड सेंटिमीटर, तर अतिशय दीर्घ श्वासात १० सेंटिमीटरपर्यंतही खाली उतरतो. त्याला चालना देणारा मज्जातंतू मात्र जवळपासच्या मणक्यांतून न निघता मानेतून, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या तंतुमुळांतून निघतो आणि हृदयाच्या कडेने इतका लांबचा प्रवास करून खाली येतो. गर्भावस्थेत मध्यपटलाचा आरंभ मानेच्या भागात होतो. तेथून खाली सरकताना ते आपला मज्जातंतूही बरोबर ओढून आणते. या लांबच्या नात्याचा रुग्णाला कधी मोठाच लाभ होतो. मानेच्या खालच्या भागात मज्जारज्जूस इजा झालेल्या माणसाचे पाय निकामी होतात, बरगड्यांचे स्नायूही लुळे पडतात. परंतु एकट्या मध्यपटलाच्या बळावर त्याचा श्वास चालू राहतो. हीच इजा चार बोटे वर झाली, तर तत्काळ कृत्रिम श्वास दिल्यावाचून तो वाचत नाही.

श्वास सोडण्यासाठी एरवी कोणत्याच स्नायूची गरज पडत नाही. ताणलेले फुप्फुस सैल सोडले की ते आपल्या स्वभावानुसार आकसते आणि हवा बाहेर जाते.

आता प्रश्न असा की, भिंत आणि फुप्फुस यांना जोडले आहे तरी कशाने? दोहोंमध्ये दोरे नाहीत, सांधे नाहीत. फुप्फुसावर एक अत्यंत पातळ, गुळगुळीत आवरण असते. तेच फुप्फुसाच्या मुळाशी वळून छातीच्या भिंतीला आतून अस्तरासारखे लागलेले असते. या दोन पदरांमध्ये फक्त काही मिलिलिटर द्रवाचा थर असतो. काचेचे दोन ओले तुकडे एकमेकांवर ठेवले तर ते सहज सरकतात, पण ओढून अलग करू म्हटले तर होत नाहीत. या पदरांचेही तसेच आहे. फुप्फुस आत ओढते, भिंत बाहेर ओढते आणि या रस्सीखेचीमुळे मधल्या जागेतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो. हा फरक पाण्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर उंचीएवढाच असतो. परंतु माणसाचे फुप्फुस जन्मभर फुगलेले राहते ते त्याच्याच आधाराने.

खुद्द फुप्फुसांची रचना येथे थोडक्यात सांगितली तरी पुरे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. श्वासनालाची उजवी शाखा अधिक रुंद, आखूड व सरळ असल्यामुळे लहान मुलाने चुकून श्वासाबरोबर ओढलेला शेंगदाणा किंवा चिंचोका बहुधा उजवीकडेच जातो. शाखांना उपशाखा फुटत सुमारे २३ पिढ्यांनंतर वायुकोश येतात. त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या दरम्यान आणि एकूण पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर असतो. हवा व रक्त यांमधील पडद्याची जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते.

भिंत आणि फुप्फुस यांच्या मधल्या जागेत हवा शिरली, की हे सारे यंत्र कोलमडते. भाल्याने छातीस भोक पडले, तुटलेल्या बरगडीचे टोक फुप्फुसात घुसले किंवा फुप्फुसावरचा एखादा फोड आपण होऊन फुटला, तर दोन पदर एकमेकांपासून सुटतात. फुप्फुस आकसते आणि बरगड्या कितीही हलल्या तरी ते त्यांच्याबरोबर हलत नाही. या विकाराला वातवक्ष असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शल्यचिकित्सकांनी छाती उघडण्याचे टाळले, ते याच भीतीने. १९०४ साली जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे साउअरब्रुख याने त्यावर एक विलक्षण तोड काढली. रुग्णाचे डोके बाहेर ठेवून बाकीचे शरीर, आणि त्यासह स्वतः शल्यचिकित्सक, कमी दाबाच्या बंद खोलीत! छातीची भिंत जे काम करते ते त्याने संपूर्ण खोलीकडून करवून घेतले. श्वासनालात नळी घालून दाबाने हवा देण्याची सोपी रीत रूढ झाल्यावर ही खोली इतिहासजमा झाली. आणि ती रीत म्हणजे व्हेसेलियसच्या बोरूचीच वंशज होय.

परंतु ज्या अपघाताची एवढी धास्ती, त्याचाच उपयोग रोग बरा करण्यासाठी करावा, असा विचार इटलीतील कार्लो फोर्लानिनी याने १८८२ साली मांडला. क्षयरोगाने फुप्फुसात पोकळी पडते आणि प्रत्येक श्वासागणिक ती ताणली जात असल्यामुळे भरून येत नाही. तेव्हा त्या बाजूचे फुप्फुस मुद्दाम बसवून त्याला विश्रांती द्यावी, असा त्याचा युक्तिवाद होता. सुईने फुप्फुसाभोवती नायट्रोजन किंवा हवा भरावयाची, आणि ती हळूहळू शोषली जात असल्याने काही आठवड्यांनी पुन्हा भरावयाची, असे हे उपचार दोनतीन वर्षे चालत. जेथे पदर चिकटल्यामुळे हवा शिरत नसे, तेथे मध्यपटलाचा मज्जातंतू मानेत चिरडून ते लुळे करीत, अथवा अनेक बरगड्यांचे तुकडे काढून छातीची भिंतच कायमची आत बसवीत. त्यामुळे खांदा झुके, पाठ वाकडी होई. फुप्फुसाभोवतीची जागा, मध्यपटल आणि बरगड्या या श्वासाच्या तिन्ही आधारांवर अशी पाळी आली. रोगट फुप्फुसाला मात्र बहुधा कोणी हात लावीत नव्हते.

भारतातील क्षयरोग आरोग्यधामांतही या पद्धती कित्येक वर्षे प्रचलित होत्या. त्यांनी नेमके किती रुग्ण बरे झाले, हा वादाचाच विषय राहिला. कारण उपचार न केलेल्या रुग्णांशी काटेकोर तुलना क्वचितच केली गेली. एक हानी मात्र पुढे उघड झाली. फुप्फुस पुरेसे बसले की नाही हे क्ष-किरणांच्या पडद्यावर वारंवार पाहिले जाई. अशा रीतीने तपासलेल्या स्त्रियांत पुढे स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात १९६५ साली निदर्शनास आले.

औषधांनी हे पर्व संपविले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला, १९५२ पासून आयसोनायझिड वापरात आले. त्यानंतर मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने एक साधाच प्रश्न हाती घेतला: औषधे तीच असतील, तर आरोग्यधामातील खाट, सकस आहार व विश्रांती यांची गरज आहे काय? दाटीवाटीच्या घरांत राहून, अर्धपोटी कामधंदा करीत औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे झाले, असे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालावरून दिसून आले. गरीब देशाच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल फार मोठे होते. त्यानंतर छातीची भिंत पाडण्याचे कारण उरले नाही.

क्षयरोग मात्र गेलेला नाही, आणि त्याची पोकळी आपण होऊन फुटून वातवक्ष होण्याचे प्रसंगही येतात. अशा वेळी आजचा डॉक्टर फोर्लानिनीच्या नेमके उलट करतो. बरगडीच्या वरच्या कडेवरून एक नळी आत सरकवून तिचे दुसरे टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्याच्या पातळीखाली सुमारे दोन सेंटिमीटर बुडविलेले असते. रुग्ण खोकला की आतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. पाण्यामुळे परत जाऊ शकत नाही. म्हणूनच ही बाटली रुग्णाच्या छातीपेक्षा वर उचलू नये, अशी परिचारिकांना सक्त ताकीद असते. बुडबुडे थांबले आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुस पुन्हा बरगड्यांना भिडलेले दिसले, म्हणजे नळी काढून जखम शिवून टाकतात.