इंटरकॉम (व्यावसायिक संवाद प्रणाली)

इंटरकॉम ही एखाद्या इमारतीत, आवारात किंवा कार्यस्थळी काम करणाऱ्या व्यक्तींना आपसांत तत्काळ बोलता यावे यासाठी उभारलेली स्वतंत्र ध्वनिसंवाद यंत्रणा आहे. ती सार्वजनिक दूरध्वनी जाळ्यावर अवलंबून नसते. दूरचित्रवाणी केंद्रे, नाट्यगृहे, क्रीडांगणे, कारखाने आणि मोठी गोदामे येथे तिचा वापर होतो. साध्या वॉकीटॉकीवर एका वेळी एकच व्यक्ती बोलू शकते. व्यावसायिक इंटरकॉम मात्र बहुधा पूर्ण द्विमार्गी असतो, म्हणजे अनेक व्यक्ती एकाच वेळी बोलू व ऐकू शकतात. त्यामुळे धोक्याच्या क्षणी ‘थांबा’ ही सूचना दुसऱ्याचे बोलणे संपण्याची वाट न पाहता देता येते.

इतिहास

विजेवर चालणाऱ्या साधनांपूर्वी जहाजांवर सुकाणूकक्षातून यंत्रकक्षाला सूचना देण्यासाठी बोलनळ्या वापरल्या जात. हेडसेट आणि कमरेला लावायचा छोटा संच (बेल्टपॅक) यांवर आधारलेली आधुनिक पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. १९६८ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरात क्लिअर-कॉम ही कंपनी स्थापन झाली. रॉक संगीताच्या मैफलींतील प्रचंड आवाजातही तंत्रज्ञांना परस्परांचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे, या गरजेतून तिची उपकरणे तयार झाली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात निर्मितीकक्ष आणि कॅमेराचालक यांच्यातील अशा संवादव्यवस्थेस ‘टॉकबॅक’ म्हणतात.

प्रकार

सामाईक वाहिनी (पार्टीलाइन): सर्व संच एकाच तारेवर जोडलेले असतात आणि प्रत्येकाचे बोलणे सर्वांना ऐकू येते. प्रचलित एकवाहिनी पद्धतीत तीन टोकांची एक्सएलआर जोडणी वापरतात. पहिल्या टोकावर भूतार, दुसऱ्यावर संचांना लागणारा सुमारे ३० व्होल्टचा एकदिश वीजपुरवठा आणि तिसऱ्यावर ध्वनी असतो. वीज व ध्वनी एकाच केबलमधून जात असल्याने उभारणी स्वस्त व सोपी होते.

मॅट्रिक्स: प्रत्येक संच मध्यवर्ती यंत्राशी स्वतंत्रपणे जोडलेला असतो. कोणाचे बोलणे कोणापर्यंत पोहोचवायचे हे त्या यंत्रात ठरवता येते. मोठ्या दूरचित्रवाणी केंद्रांत ही पद्धत वापरतात.

बिनतारी आणि संगणक जाळ्यावरील इंटरकॉम: सतत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी बिनतारी बेल्टपॅक उपयुक्त ठरतात. संगणक जाळ्यावरून ध्वनी वाहून नेल्यास लांबच्या इमारतीही जोडता येतात. मात्र आवाज पोहोचण्यास होणारा विलंब अत्यल्प राहील याची काळजी घ्यावी लागते.

मांडणी

उपकरणे बसवण्यापूर्वी कोण कोणाशी बोलणार आणि कोण कोणाचे ऐकणार याचा तक्ता तयार करतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात वळ, पूर्णा, दापोडे, माणकोली आदी गावांच्या परिसरात मोठी गोदामे आहेत. अशा गोदामाचे उदाहरण घेतल्यास फाटक, माल चढवण्या-उतरवण्याचा धक्का, गोदामाचे कार्यालय, फोर्कलिफ्टचालक आणि अग्निशमन नियंत्रण अशी पाच ठिकाणे धरता येतील. पाच ठिकाणांमध्ये २० एकमार्गी जोडण्या शक्य असतात, पण त्या सर्वांची गरज नसते. फाटकावरील रक्षकाला धक्क्याशी बोलता आले पाहिजे, परंतु गाड्यांचे क्रमांक फोर्कलिफ्टचालकाच्या कानावर सतत पडल्यास त्याचे लक्ष विचलित होते. म्हणून नेहमीच्या कामासाठी वेगवेगळ्या वाहिन्या ठेवतात आणि एक आणीबाणीची वाहिनी सर्वांना ऐकू येईल अशी योजतात. तिला अन्य सर्व वाहिन्यांपेक्षा अग्रक्रम दिला जातो.

भिवंडी परिसरातील गोदामांना आगी लागण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. आगीच्या वेळी मुख्य वीजपुरवठा बंद करावा लागतो. त्यामुळे मध्यवर्ती संचाला बॅटरीचा स्वतंत्र आधार असणे आवश्यक ठरते. पत्र्याचे छप्पर आणि पोलादी मांडण्यांमुळे रेडिओ लहरींना अडथळा होतो. बिनतारी संचांसाठीचे अँटेना म्हणूनच गोदाम मालाने भरलेले असताना तपासून मगच कायम करतात. रिकाम्या गोदामात घेतलेली चाचणी फसवी ठरू शकते.

सामाईक वाहिनीच्या तारेवर अंत्यरोध (टर्मिनेशन) एकाच ठिकाणी, सहसा मुख्य केंद्रात, असावा लागतो. तो दोन ठिकाणी झाल्यास सर्वांचे आवाज क्षीण होतात. कोठेही नसल्यास आवाज अतिरिक्त वाढून शिट्टीसारखा नाद उठतो. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज किती ऐकू यावा (साइडटोन) हे प्रत्येक संचावर, तारेच्या लांबीनुसार, जुळवून घ्यावे लागते.

वापराचे संकेत

सामाईक वाहिनीवर उघडा राहिलेला एक मायक्रोफोन आजूबाजूचा गोंगाट सर्वांच्या कानांत नेतो. म्हणून बोलून झाल्यावर कळ लगेच बंद करणे हा पहिला नियम मानला जातो. बोलताना आधी ज्याला सूचना द्यायची त्याचे नाव किंवा ठिकाण, नंतर सूचना असा क्रम पाळतात. समोरच्याने ती सूचना पुन्हा उच्चारून दाखवल्यावरच संवाद पूर्ण झाला असे समजतात.

नाट्यगृहात हा शिस्तीचा भाग अधिक काटेकोर असतो. मराठी रंगभूमीवर प्रयोगारंभाची वर्दी तिसरी घंटा देते, परंतु पडदा उघडल्यानंतर प्रकाशयोजना, ध्वनी आणि नेपथ्यबदल यांच्या सूचना शांतपणे द्याव्या लागतात. जेथे इंटरकॉमची सोय असते, तेथे रंगमंच व्यवस्थापक आधी ‘स्टँडबाय’ म्हणतो आणि नेमक्या क्षणी ‘गो’ म्हणतो. ‘गो’ हा शब्द इतर बोलण्यात टाळतात, कारण तो चुकून उच्चारला गेल्यास वरून नेपथ्याचा जड भाग खाली येऊ शकतो आणि त्याखाली नट उभा असू शकतो.

हेडसेटची निवडही कामावर अवलंबून असते. एकाच कानावर बसणारा हेडसेट वापरल्यास दुसऱ्या कानाने संवाद किंवा फोर्कलिफ्टचा भोंगा ऐकता येतो. अतिशय गोंगाटाच्या जागी दोन्ही कान झाकणारा हेडसेट सोयीचा ठरतो, मात्र तेव्हा आजूबाजूच्या इशाऱ्यांसाठी दिवा किंवा दुसरी दृश्य खूण द्यावी लागते.

सामान्य दोष

तारेत सतत गुणगुण ऐकू येत असल्यास भूतार एकापेक्षा अधिक ठिकाणी जोडली गेल्याची किंवा केबल वीजवाहिनीला समांतर टाकल्याची शक्यता असते. एखादाच संच बंद पडल्यास प्रथम त्याची केबल बदलून पाहतात. दोष शोधताना संच एकेक करून काढत गेल्यास सदोष भाग लवकर सापडतो. बिनतारी संचांच्या बॅटऱ्यांवर वापरास आरंभ केल्याची तारीख लिहून ठेवतात आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सर्व ठिकाणांशी एकदा बोलून चाचणी घेतात. आणीबाणीची वाहिनी रोजच्या कामात वापरली जात नसल्याने तिची चाचणी स्वतंत्रपणे घेणे गरजेचे असते.